अमेरिकेच्या रानात वाटदुरुस्तीला जायचं तर

सिअॅटलमध्ये मराठी घरं भरपूर, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बहुतेकांचे कॅस्केड्सच्या डोंगरांत जातात. तिथल्या वाटा सरकार राखतं, असा आपल्याकडच्या पाहुण्यांचा समज असतो. बरंचसं काम करतात ते हौशी लोक. वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन ही संस्था १९६६ची. तिचा वाटदुरुस्तीचा उपक्रम १९९३ मध्ये ग्रेग बॉल यांनी सुरू केला. शहराजवळ एका दिवसाची कामं असतात. आतल्या रानात मात्र पाठीवर बिऱ्हाड घेऊन जायचं, मुक्काम करायचा आणि कुदळ चालवायची. तंबू, चूल, शिधा ज्याचा त्याने आणायचा; हत्यारं आणि शिरस्त्राण संस्थेचं.

आधी एक कायदा समजून घ्यावा लागतो. १९६४च्या विल्डरनेस अॅक्टनुसार राखीव रानात मोटर आणि चाक, दोन्ही सहसा वर्ज्य. म्हणजे चेनसॉ नाही, आणि एकचाकी हातगाडीही नाही. माती बादलीतून वाहायची, आडवे पडलेले ओंडके दोन माणसांच्या लांब करवतीने कापायचे.

खरं काम पाण्याचं. गावाकडच्या श्रमदानात समतल चर खणून आपण पाणी अडवतो. इथे उलटं, ते वाटेवर क्षणभरही रेंगाळता कामा नये. वाटेला दरीकडे शंभराला तीन ते पाच इतका उतार हवा, म्हणजे पाणी पातळ पसरून आडवं निघून जातं. पण बुटांनी आणि घोड्यांच्या टापांनी मध्य दबतो, बाहेरच्या काठावर मातीचा वरंबा तयार होतो, डोंगराकडून माती घसरून येते आणि वाटेची पन्हळ होते. पाणी वाटेनेच धावत माती नेतं, खालचे दगड उघडे पडतात. लोक चिखल चुकवत कडेने चालतात आणि एकीच्या तीन वाटा होतात.

वरंबा पूर्ण काढायचा. निम्मा ठेवला तर न काढल्यासारखाच. जिथे उतार लांबच लांब आहे तिथे पाणी बाहेर काढायला चर लागतो. तो वाटेला साधारण ४५ अंशांनी तिरपा हवा. काटकोनात खणला तर पाणी तिथे मंदावतं, गाळ टाकतं आणि चर लवकरच बुजतो. कडा पसरट ठेवायच्या, नाहीतर घोडा अडखळतो. बाहेर पडायची बाजू तोंडापेक्षा रुंद करायची आणि उकरलेली माती तिथे न टाकता उतारावर लांब भिरकावायची. नवखे चर मन लावून खणतात आणि नेमकं शेवटच्या दोन फुटांत हात आखडतात. पाणी तिथेच तुंबून परत वाटेवर येतं. शंका असेल तर बाटलीभर पाणी ओतून बघावं.

ओंडके कापणं मात्र सगळ्यांना हवं असतं, फोटोही त्याचेच निघतात. करवतीचा प्रमुख परवानाधारकच असतो. नवख्याने दुसरी मूठ धरायची. नियम एकच: ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं. धार नीट असेल तर लाकडाच्या लांब शेवया निघतात. नुसता भुसा पडू लागला की पातं बोथट झालं समजावं.

कापण्याआधी ओंडक्यात ताण कुठे आहे ते पाहायचं. दोन्ही टोकांवर टेकलेला ओंडका मध्ये खाली झुकतो, वरची बाजू दाबाखाली असते. वरून कापत गेलं की चीर मिटते आणि करवत गच्च अडकते. म्हणून जागा होताच प्लास्टिकच्या पाचरी ठोकायच्या आणि शेवटचा भाग खालून कापायचा. एक टोक अधांतरी असेल तर सगळं उलट: दाब खालच्या बाजूला, म्हणून थोडं खालून कापून मग वरून उरकायचं. चिकामुळे पातं जड झालं तर तेलाने पुसायचं. तुकडा सुटताना उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

माती खणायला पुलास्की असते: एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला अरुंद कुदळ. तिला नाव मिळालं ते १९१०च्या आयडाहोतल्या वणव्यात आपली तुकडी वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनरक्षकाचं. हत्यार खांद्यावर टाकायची आपली सवय इथे चालत नाही. ते उताराकडच्या हातात, कमरेखाली धरायचं. पाय घसरला तर ते लांब फेकून देता यायला हवं. काम करताना दोघांत दहा फूट अंतर. कुणाच्या मागून जायचं तर हाक मारून उत्तराची वाट बघायची. झुडपं छाटताना अणकुचीदार खुंट ठेवायचे नाहीत, फांद्या कापलेलं टोक वाटेपासून दूर करून नजरेआड टाकायच्या.

शिध्याचा हिशोब दिवसाला साधारण पाऊण किलो कोरडं अन्न, कारण नुसत्या चालण्यापेक्षा भूक बरीच जास्त लागते. घरीच रवा भाजून फोडणी घातलेला कोरडा उपमा उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत होतो. कच्च्या डाळ-तांदळाची खिचडी नेऊ नये: उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, कुकर नसतो, गॅस संपतो. शिजवून वाळवलेली न्यावी. मेटकूट, दाण्याची चटणी, गूळ उत्तम. सगळं, टूथपेस्टसकट, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात किंवा तंबूपासून लांब झाडाला टांगून. हिंगाची डबी विशेष आठवणीने.

तंबू लावण्यापूर्वी वर बघावं. वाळलेलं किंवा वणव्यात जळलेलं झाड वाऱ्याशिवायही पडतं, त्याच्या टप्प्यात झोपू नये. पाणी फिल्टरने गाळूनच प्यायचं, पोट बिघडवणारे जिआर्डियाचे जंतू स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्यातही असतात. शौचाला पाण्यापासून दोनशे फूट लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा.

उंचावरचं बर्फ बरेचदा जुलैपर्यंत टिकतं, त्यामुळे हंगाम जुलै ते सप्टेंबर. जुलैत डास, ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर. धुरामुळे सहल ऐनवेळी रद्द होते, तेव्हा रजा टाकताना हे गृहीत धरावं. पहिल्यांदाच थेट अशा सहलीला नाव देऊ नये. आधी दोन-चार एकदिवसीय कामं करावीत. कुदळ दिवसभर चालवून दुसऱ्या दिवशी पाठ वाकते की नाही, ते तिथेच कळतं.