वाचननोंद : लीळाचरित्रातली ‘वासना’ अखेर उलगडली

लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा जुना गद्य ग्रंथ, चार महिने जिथे अडला होता, ती गाठ शनिवारी सुटली. म्हणून वर्षअखेरीची वाट न पाहता ही नोंद.

एकांक हा पहिला भाग संपवून पूर्वार्धात शिरले तेव्हापासूनची अडचण मागच्या दोन नोंदींत लिहिली आहेच : शब्द कळेनात, कोण बोलतंय ते कळेना, आणि तेच प्रसंग पुन्हा पुन्हा येत. शब्दांचा अडसर तर जुलैतच दूर झाला होता. ‘बिजें केलें’ म्हणजे स्वामी निघाले, ‘आरोगणा’ म्हणजे जेवण, ‘पहुड’ म्हणजे झोप, असे तीस-चाळीस शब्द कार्डावर लिहून पुस्तकात ठेवले की पानं पुढे सरकतात. पण एक आग्रहाने सांगते, यासाठी मोल्सवर्थ घेऊन बसू नका. १८३१ चा तो कोश त्याच्या काळच्या मराठीसाठी अजोड आहे. तेराव्या शतकातल्या गद्याला मात्र तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशच (१९९९) हवा. अर्थ इंग्रजीत आहेत, त्याची सवय होते.

कोण कुणाशी बोलतंय हे कळत नव्हतं, तेही मोठ्याने वाचायला लागल्यावर कळू लागलं. ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधर) हे शब्द आले की आवाज आपोआप बदलतो आणि संवाद सुटा होतो. रोज रात्री जेवणानंतर चार लीळा, म्हणजे चार प्रसंग, स्वयंपाकघरात, मोठ्याने. आई भाजी निवडता निवडता ऐकते आणि मधेच म्हणते, “हे बाइसांचं बोलणं, भटांचं नव्हे.” दोघेही चक्रधरांचे शिष्य. बहुतेक वेळा आईचंच बरोबर निघतं.

खरी अडचण वेगळीच होती. एक प्रसंग वाचून संपावा, आणि लगेच खाली तोच प्रसंग पुन्हा यावा, थोडा बदलून. कुठे गावाचं नाव वेगळं, कुठे प्रश्न विचारणारं माणूस वेगळं, कुठे उत्तरच आखूड. आणि मधे सुटा पडलेला शब्द, ‘वासना’. आपण ज्या अर्थाने हा शब्द वापरतो तो अर्थ तिथे काही केल्या बसेना. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मागवलेली, वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली १९७८ ची. बांधणी पुन्हा केलेली दिसत होती, त्यामुळे फर्मे (छापील पानांचे जुडगे) उलटसुलट शिवले गेले असावेत अशी माझी खात्रीच झाली. ऑक्टोबरभर मी पृष्ठांक तपासत बसले. सगळे क्रमाने होते.

शेवटी शनिवारी प्रत पिशवीत घालून जुन्या ग्रंथालयात गेले आणि तिथल्या प्रतीशेजारी ठेवून पानं जुळवली. मजकूर तंतोतंत तोच. फरक फक्त सुरुवातीला : माझ्या प्रतीत प्रस्तावनेचा मोठा भागच नाही! ‘उत्तम स्थिती’ असं लिहून विकलेलं पुस्तक. जुनी प्रत घेताना मुखपृष्ठाच्या फोटोवर जाऊ नका, अनुक्रमणिका आणि प्रस्तावनेची शेवटची पानं यांचे फोटो मागा. पाठवायला टाळाटाळ झाली तर ती प्रत सोडून द्या.

ग्रंथालयातच बसून प्रस्तावना वाचली आणि सगळं लख्ख झालं. वासना म्हणजे त्या प्रसंगाची दुसरी आठवण, दुसऱ्या कुणाच्या स्मरणातला पाठ. संस्कृतातही वासना म्हणजे मनावर उरलेला ठसा, संस्कार. चक्रधरांच्या मागे त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी ऋद्धिपूरला हे लिहिलं, पण त्याआधी एकेका शिष्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ती स्मरणातून पुन्हा उभी केली गेली, असं परंपरा सांगते. जिथे दोन आठवणी जुळल्या नाहीत, तिथे एक खरी ठरवून दुसरी पुसली नाही. दोन्ही ठेवल्या. मी चार महिने ज्याला चूक समजत होते, ती त्यांची सचोटी होती. हे कळल्यावर मला तिथेच भरून आलं.

बाकी वर्षाचं थोडक्यात. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) यंदाची सर्वांत आवडलेली कादंबरी. तिची नायिका कौतिक, तिचं वऱ्हाडी बोलणं कानात बसल्यावर लीळाचरित्राची वळणंही ओळखीची वाटायला लागली, हा अनपेक्षित लाभ. ‘बनगरवाडी’ तिसऱ्यांदा, तितकीच चोख. ‘रणांगण’ (१९३९) वीस वर्षांनी पुन्हा वाचली. योगायोग असा की तिच्याही नायकाचं नाव चक्रधर. पहिल्या वाचनातून माझ्या मनात फक्त बोट आणि नायिका हेर्टा उरली होती. यंदा त्या नायकाचा स्वतःला राखून प्रेम करण्याचा स्वभाव फार डाचला.

हे लिहितानाच सुचलं. माझ्या वाचनवहीत पुनर्वाचनाच्या वेळी मी जुनं मत खोडून नवं लिहिते. ते बंद. ‘रणांगण’च्या जुन्या नोंदीवरची काट आत्ताच उजेडात धरून वाचली आणि मूळ वाक्य शेजारी पुन्हा लिहिलं. यापुढे नवं मत खाली, ‘वासना’ असं लिहून. आणि आईचीही वासना वेगळ्या शाईत. ‘स्मृतिचित्रे’ तिने मुलगी असताना वाचलं होतं. त्यातले रेव्हरंड टिळकांचे प्रसंग ती सांगते तसे आणि पुस्तकात आहेत तसे, यांत चांगलाच फरक निघतो. आजवर मी तिला दुरुस्त करत होते.

जानेवारीत नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा घेणार असं म्हटलं होतं, तो आता थांबेल. पूर्वार्ध पहिल्यापासून पुन्हा सुरू करते, या वेळी वासनांसकट, मग उत्तरार्ध. त्यानंतर महदंबेचे धवळे (लग्नगीतं) घ्यायचा विचार आहे, कारण चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी महदाइसा, म्हणजे हीच महदंबा, मला फार आवडायला लागली आहे. प्रस्तावनेच्या छायाप्रती मिळाल्या आहेत, त्या बाइंडरकडे दिल्या. गुरुवारी पुस्तक परत येईल. तोवर आईने आज ‘धग’ वाचायला सांगितलंय.