चहातली गोळी

"हातानं घेतच न्हाई, मग आमटीत कुटून घालतो." मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर हे अगदी सहज बोललं जातं. पेशंटला न सांगता औषध खाण्यापिण्यात लपवायचं, यामागचा हेतू मायेचा असतो, पण औषधाचं गणित पार बिघडतं.

मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोनचं पातळ औषध बघा. चहा किंवा कोलात मिसळू नका, असं त्याच्या माहितीपत्रकातच असतं. पाणी, कॉफी, संत्र्याचा रस चालतो. आपण ते नेमकं चहात ओततो. नावापुढं एसआर किंवा सीआर असलेली गोळी कुटली, की हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात उतरतं. अर्धी वाटी तशीच राहिली तर डोसही अर्धाच. डॉक्टरांना मात्र 'गोळ्या नियमित चालू आहेत' असं सांगितलेलं, मग गुण नाही म्हणून ते डोस वाढवतात.

मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमचं तर विचारूच नका. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासतात. पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) लागते, १.५च्या वर विषबाधेची भीती. आता चैत्रातली यात्रा, जोतिबाचा डोंगर, घामाच्या धारा, पाणी कमी. गुडघे दुखले म्हणून पेशंटनं आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतली. आपल्या पोटात लिथियम आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ती का टाळेल? पातळी चढते, हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो.

पेशंटच्या 'नको'मागं कारण असतं. दिवसभर गुंगी, सुटलेलं पोट, आखडलेली मान, लैंगिक तक्रार (ही आईसमोर कोण सांगणार?). गुंगीसाठी डोस रात्रीवर नेता येतो, वजनासाठी औषध बदलता येतं. रोजच्या गोळीचाच वैताग असेल तर काही औषधांचं महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. यातलं काय हवं ते डॉक्टरांनी पेशंटला एकट्याला विचारावं.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही हेच धरून आहे. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला एवढ्यावरून पेशंटला समज नाही, असं ठरत नाही. बरं असताना पुढं कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे सज्ञान माणूस लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. जिवावरच्या तातडीत मात्र पेशंटच्या संमतीशिवाय उपचाराची सवलत आहे, तीही जास्तीत जास्त ७२ तास.

आजवर लपवून देत असाल तर एकदम बंद करू नका. गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडं जा, खरं किती पोटात जात होतं ते सांगा, आणि पेशंटला कसं सांगायचं तेही तिथंच ठरवा. तो चिडेल. पुढचे काही दिवस घरातला चहा त्यालाच करू द्या.