पाइपाचा ढाळ

परळला एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम चालू होतं. पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद मजल्यांच्या, स्लॅबचं कास्टिंग मंगळवारी रात्री ठरलेलं. सोमवारी दुपारी साइट ऑफिसात लॅपटॉप उघडून मी प्लंबिंगच्या फोरमनना इमारतीचं थ्रीडी मॉडेल दाखवत होते. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. खरं तर ही बैठक उरकायचीच होती. आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि प्लंबिंग, तिन्ही मॉडेलं एकत्र करून मी क्लॅश तपासले होते. कुठला पाइप कुठल्या बीमला धडकतो, ते सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवतं. शेवटच्या अहवालात एकही लाल खूण उरली नव्हती.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनजवळ वाकले. पोडियमच्या छताखालून जाणाऱ्या ड्रेनेजच्या लाइनवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, ह्याला ढाळ कुठंय?"

नव्हता. 160 मिलिमीटरचा पाइप मॉडेलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट काढलेला होता. आमचा ढाळ 100 ला 1, म्हणजे मीटरमागे 1 सेंटिमीटर. शेवटचा ट्रान्सफर गर्डर, म्हणजे वरचे कॉलम पेलणारा मोठा बीम, सुरुवातीपासून 18 मीटरवर. तिथे पाइप 18 सेंटिमीटर खाली जाणार, आणि स्लीव्ह, म्हणजे पाइप जायला गर्डरमध्ये आधीच ठेवायची भोकाची नळी, मात्र सपाट पाइपाच्या हिशोबाने बांधलेली. क्लॅश सापडला नाही, कारण पाइप आणि स्लीव्ह दोन्ही एकाच चुकीच्या उंचीवर होते.

माझ्या पोटात गोळा आला. वरच्या 22 मजल्यांचे कॉलम याच गर्डरांवर उभे राहणार होते. काँक्रीट पडल्यावर तिथे कोअर कटिंग करायचं, म्हणजे मशीनने आरपार भोक पाडायचं, तर सळयाही कापायच्या. त्याला कोण हो म्हणणार?

लगेच स्ट्रक्चरल कन्सल्टंटना फोन लावला. स्लीव्ह 18 सेंटिमीटर खाली घेतली तर ती तळच्या मुख्य सळयांत शिरते, म्हणून त्यांनी साफ नाही सांगितलं. मग मामांनीच पेन्सिलीने प्लॅनवर वाट काढली: लाइन दोन भागांत तोडायची आणि अर्धे टॉयलेट पश्चिमेच्या चेंबरला न्यायचे. त्याने शेवटच्या गर्डरवरचा उतार 8 सेंटिमीटरवर आला. भोकाभोवती जादा रिंगा आणि सळया घालायच्या अटीवर कन्सल्टंटनी ते मान्य केलं. कास्टिंग एक दिवस पुढे ढकललं. प्लांटला फोन करून काँक्रीटच्या गाड्या रद्द कराव्या लागल्या, त्यावर बरीच बोलणी खाल्ली. ती मला मान्य होती.

मॉडेलची माहिती तपासून, मंजूर करून मगच पुढे पाठवायची पद्धत आयएसओ 19650 या मानकात 2018 पासून लिहिलेली आहे. आमची फाइलही मंजूर होऊनच साइटवर आली होती. पण ती मंजूर करणाऱ्यांत हाताने पाइप जोडणारा एकही माणूस नव्हता. मॉडेलशिवाय आता काम करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. इतक्या गर्दीच्या छताचा गुंता कागदावरच्या वेगवेगळ्या ड्रॉइंगांत दिसतच नाही. म्हणूनच आता मंजुरीच्या आधी फोरमन, फिटर आणि सुतार यांना बसवून मी पूर्ण मॉडेल फिरवून दाखवते, आणि ढाळ वेगळा तपासते.

बुधवारी रात्री काँक्रीट पडलं. शटरिंग निघालं, लाइन जोडली, तेव्हा मामांनी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं. मी चेंबरपाशी वाकून उभी होते. पाणी आलं.