पिंपरीची गाडी, लाँगब्रिजच्या पार्किंगमध्ये

परवा संध्याकाळी ब्रिस्टल रोडच्या सिग्नलला आमची डबलडेकर थांबली. वरच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर शेजारी ट्रायम्फ हेराल्ड उभी. फिकट निळी, चाकांवर चिखल, मागच्या सीटवर बटाट्यांची गोणी आणि त्यावर आडवं टाकलेलं फावडं. सिग्नल सुटला, गाडी डावीकडे वळली आणि गेली. एवढंच. पण घरी पोचेपर्यंत माझ्या मनात ती गोणीच होती.

बर्मिंगहॅमला येऊन मला सहा वर्षं झाली. जुन्या गाड्यांची प्रदर्शनं इथे उन्हाळाभर असतात. हिरवळीवर चकचकीत गाड्या ओळीने उभ्या आणि शेजारी घडीच्या खुर्चीत मालक. तिथे मी जातेच, आवडतंही. पण जीव अडकतो तो असा गोणी घेऊन निघालेल्या गाडीत. साठ वर्षांची गाडी अजून तिच्या कामावर आहे, हे बघायला मिळतं तेव्हा तो दिवस मला चांगला गेल्यासारखा वाटतो.

हेराल्ड तर आपल्या ओळखीची. १९५९ साली ती इथून जेमतेम तीस किलोमीटरवरच्या कॉव्हेंट्रीत बनायला लागली. आखणी जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाची. पुढे मद्रासला स्टँडर्ड कंपनीने ती 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनवली आणि फियाट, अ‍ॅम्बॅसिडर, हेराल्ड या तिघींवर आपल्याकडचं एक अख्खं दशक निघालं. मिरजेला आजोळी शेजारच्या डॉक्टरांकडे होती. तिचं बॉनेट मडगार्डसकट, दिव्यांसकट पुढे उलटं उघडायचं आणि फिटर पुढच्या चाकावर बसूनच इंजिनाचं काम करायचा. हे मी आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं. चाकावर बसलेला फिटर प्रत्यक्ष पाहिला तो इथे, समोरच्या गल्लीत.

इथे गाडीचं वय लांबूनच कळतं, कारण गाडीचा नंबर साधारणपणे जन्मभर तिच्यासोबत राहतो. १९६३ ते १९८३ पर्यंतच्या नंबरांत वर्षाचं अक्षर शेवटी असायचं, नंतर २००१ पर्यंत ते सुरुवातीला आलं, आणि त्यानंतर अक्षराऐवजी मध्ये दोन आकडे. काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरं दिसली की गाडी नक्की जुनी, कारण नव्या गाड्यांना ती पाटी लावायची परवानगीच नाही. एवढं शिकलं की रस्त्यावरून चालताना डोळे आपोआप पाट्या वाचायला लागतात. शिवाय कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला, तर गेल्या कित्येक वर्षांतल्या तपासण्यांची नोंद उघडते: किती मैल चालली, कधी नापास झाली, कुठे गंज सापडला. मालकाचं नाव मात्र कुठेही नसतं. गाडीची पत्रिकाच म्हणा.

आमच्या गल्लीच्या टोकाला मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आहे. नंबराच्या शेवटी 'एफ', म्हणजे १९६७-६८ची. मायनर ही अ‍ॅलेक इसिगोनिसची गाडी. १९४८ला आली आणि सोळा लाखांच्या वर बनली, म्हणून ती दुर्मीळ म्हणता येणार नाही. पण ट्रॅव्हलरचा मागचा अर्धा भाग लाकडी असतो. अ‍ॅशच्या लाकडाची चौकट, तिच्यात बसवलेले पत्रे आणि काचा. ती चौकट शोभेची असेल असं मला आधी वाटलं होतं. मालक आजोबांनी (इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मला ते अजून जमत नाही) माझा हात धरून खालच्या आडव्या पट्टीवर ठेवला आणि म्हणाले, "दाबून बघ. हे कुजलं तर गाडीचा मागचा भाग उभा राहणार नाही." लाकूड टणक होतं. खिडकीच्या खाचेत मात्र बारीक हिरवं शेवाळ धरलेलं. दर वसंतात ते जुन्या दातांच्या ब्रशने ते काढतात, लाकूड सुकू देतात आणि मग त्यावर वॉर्निशचा हात फिरवतात. कोकणात पावसाळ्यानंतर दारं-खिडक्यांची जशी निगा राखतात, अगदी तशी.

त्यांच्याकडून मला कळलं की इथे गाडीचा खरा शत्रू मीठ आहे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून पालिकेच्या गाड्या रात्री मीठ टाकत फिरतात. ते पाण्यात विरघळून खालच्या पत्र्याच्या सांध्यांत शिरतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग शाबूत आणि आत भुगा. म्हणून कितीही थंडी असली तरी आजोबा मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आल्यावर नळी लावून गाडीचं पोट धुतात आणि वर्षातून एकदा खालून मेणासारखं द्रव्य फवारतात. २०२१च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात म्हणून ते महागातलं पेट्रोल भरतात. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता-कर माफ आहे आणि २०१८पासून वार्षिक तपासणीही सक्तीची राहिलेली नाही. तरी हे दरवर्षी गाडी घेऊन जातात, पैसे भरतात. कारण विचारलं तर म्हणाले, "माझ्या डोळ्यांना आता सगळं दिसत नाही. खड्ड्यात उभ्या असलेल्या पोराला दिसतं." आणि मग चोक ओढून कुत्र्याला घेऊन बाजाराला गेले.

हे सगळं बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठी आहे. रस्त्यावर सगळ्यांत दुर्मीळ गाड्या कोणत्या? जॅग्वार ई-टाइप मी बऱ्याचदा पाहिली, कारण ती कुणी कधी टाकलीच नाही. पहिल्या दिवसापासून लोक तिला जपत आले. नाहीशा झाल्या त्या साध्या. मॉरिस मरिना १९७१ ते १९८० मध्ये आठ लाखांच्या आसपास बनल्या. शाळामास्तर, विमा एजंट, नर्स, सगळ्यांच्या दारात. आज एखादी दिसली तर लोक फूटपाथवर थांबतात. आपली काँटेसा ज्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून आली, ती तर सहा वर्षांत मला एकदाही रस्त्यावर दिसलेली नाही. कारण सरळ आहे. साधी गाडी पंधरा वर्षांची झाली, सांध्याला गंज लागला आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा वर गेला, की ती भंगारात. त्यात २००९ साली सरकारने दहा वर्षांवरची गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,००० पौंडांची सूट देणारी योजना आणली. वर्षभरात चार लाखांच्या जवळपास गाड्या गेल्या. त्यात काय काय गेलं असेल, याचा विचार केला तरी मला वाईट वाटतं.

मुंबईत आपण हेच पाहिलं. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी, काळीपिवळी होऊन हजारोंनी धावली. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर राहिली नाही. हजारो होत्या तोवर 'एखादी ठेवून द्यावी' असं किती जणांना सुचलं असेल?

अ‍ॅम्बॅसिडरच्या मूळ गाडीचंही तसंच. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री इथे फक्त १९५६ ते १९५९ बनली, आपल्याकडे तिचंच रूप २०१४पर्यंत. मला ती एकदाच दिसली, एप्रिलमधल्या एका रविवारी. २३ एप्रिल १९००ला निघालेल्या हजार मैलांच्या मोटार-चाचणीची आठवण म्हणून त्या सुमाराच्या रविवारी जुन्या गाड्यांचे मालक आपापल्या गाड्या घेऊन बाहेर पडतात. मी पेट्रोल पंपावर अक्षरशः ओरडले, "अ‍ॅम्बॅसिडर!" मालकांनी बॉनेट उघडून दाखवलं आणि सांगितलं की काही सुटे भाग भारतातूनच मागवतात. मूळ गाडीला भारतातली पुढची पिढी जगवते आहे!

आता लाँगब्रिजची गोष्ट.

मी राहते तिथून लाँगब्रिज बसने दहा मिनिटं. हर्बर्ट ऑस्टिनने १९०५मध्ये तिथे कारखाना काढला. १९५९ ते २००० एवढा काळ तिथे मिनी बनली. एप्रिल २००५मध्ये तो कारखाना चालवणारी एमजी रोव्हर कंपनी बुडाली आणि जवळपास सहा हजार माणसांचं काम एका फटक्यात गेलं. त्या जमिनीवर आता दुकानं, कॉलेज, नवी घरं आहेत. गेल्या शनिवारी तिथल्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी भाजीच्या पिशव्या घेऊन चालत होते आणि पाय थांबले. समोर चंदेरी हॅचबॅक. मागचे दिवे उभे, काचेच्या बाजूने वर चढत गेलेले. हे दिवे मी झोपेतही ओळखीन. इंडिका! पण डिकीवर जहाजाचं चिन्ह आणि खाली अक्षरं: सिटीरोव्हर.

वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे माहीत नसेल. २००३ साली रोव्हरला एक छोटी गाडी हवी होती आणि नवी आखायला पैसे नव्हते. तेव्हा पुण्याला टाटांकडे बनलेली इंडिका थोडे फेरफार करून, रोव्हरचं नाव लावून इथे विकायला आली. आधीच्या काळात इंग्लंडच्या गाड्या आपल्याकडे येऊन आपलं नाव घ्यायच्या. ही उलटी निघाली होती. इथल्या मोटार-मासिकांना किंमत जास्त वाटली, खप बेताचाच झाला आणि दोनेक वर्षांत रोव्हरच संपली. म्हणजे मरिनासारखंच. कुणाला ती जपावीशी वाटली नाही, आणि म्हणून आज ती जवळजवळ दिसत नाही.

माझे बाबा टेल्कोत होते. (कंपनीचं नाव बदललं तरी आमच्या चिंचवडात कुणी टाटा मोटर्स म्हणत नाही.) इंडिकाच्या लाइनवर दारं बसवण्याचं काम. ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद कारखाना सुटा करून पुण्याला आणला, तेव्हा आलेली यंत्रं लागताना त्यांनी पाहिली. १९९८ला गाडी आली आणि आठवड्याभरात १ लाख १५ हजार बुकिंगं झाली, तो आठवडा आमच्या घरी दिवाळीसारखा गेला. पहिल्या शिफ्टची बस पकडताना मी शाळेच्या गणवेशात त्यांना डबा नेऊन द्यायचे. "इंग्लंडच्या गाड्या चालल्यात लाइनवर," असं त्यांनी एकदा जेवताना सांगितल्याचं मला आठवतंय. तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

मी तिथेच पिशव्या खाली ठेवून व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे अकरा, चिंचवडला दुपारचे साडेतीन. बाबा नुकतेच झोपून उठलेले.

"बाबा, हे बघा काय आहे."

ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "जवळ ने. दाराकडे ने. पुढच्या आणि मागच्या दारातली फट दिसू दे मला." मी मोबाइल आडवा धरला. "वरपासून खालपर्यंत सारखी आहे का?"

"आहे, बाबा."

"नीट बघून सांग. खाली बिजागरीपाशी?"

एवढ्यात मालकीणबाई ट्रॉली ढकलत आल्या. सत्तरीच्या असतील. परक्या बाईने आपल्या गाडीचं दार न्याहाळलेलं पाहून दचकल्या. मी सांगितलं, माझे वडील ही गाडी बनायची त्या लाइनवर होते. त्या म्हणाल्या, त्यांचे यजमान इथेच, या जमिनीवर, तीस वर्षं कामाला होते. कंपनी बुडायच्या आदल्या वर्षी त्यांनी ही गाडी कामगारांच्या सवलतीत घेतली. ते गेल्यावर मुलगा म्हणत होता, विकून टाक. त्या म्हणाल्या, बाजारहाट करायला मला हीच पुरते.

बाबांना इंग्रजी बोलायचा संकोच. मी मध्ये दुभाषी. त्यांनी बाईंना नमस्कार केला, बाईंनी हात हलवला. मग दोघंही जरा वेळ एकमेकांकडे नुसते बघत राहिले.

"बाबा, अजून काही विचारू का?"

"त्यांना त्रास नसेल तर दार एकदा उघडून लावायला सांग. मोबाइल जवळ धर."

बाईंनी दार उघडलं आणि लावलं. बाबांनी डोळे मिटले होते.

"अजून एकदा सांगशील?"