नुसती टिंबं लावायला इतके दिवस?

तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सविस्तर. प्रश्न ठरलेला असतो: हिब्रू मजकूर टाइप झालाय, मग अक्षरांखाली नुसती टिंबं-रेघा लावायला पानामागे अर्धा दिवस कशाला? आपण काना-मात्रा देतो तसंच ना ते?

तसं नाही. काना दिल्याशिवाय आपला शब्दच उभा राहत नाही. हिब्रूत शब्द आधीच उभा असतो, आणि तो नेमका कोणता हे निकुद, म्हणजे या स्वरांच्या खुणा, लावणाऱ्याने ठरवायचं असतं. सामेख-पे-रेश ही तीन अक्षरं घ्या. सेफेर वाचलं तर पुस्तक, सपार वाचलं तर न्हावी, सिपेर वाचलं तर ‘त्याने सांगितलं’. हे संदर्भावरून चटकन कळतं, मान्य. आपणही ‘तो जात होता’ आणि ‘त्याची जात’ वाचतोच की. ज एकच, उच्चार दोन, खूण एकही नाही.

वेळ खातो तो ‘घरात’सारखा साधा शब्द. बेत-बेत-योद-ताव. पहिल्या बेतखाली श्वा (उभी दोन टिंबं) दिला तर ‘बेवायित’, कुठल्याशा एका घरात. पातख (‘अ’ची आडवी रेघ) दिला आणि दुसऱ्या बेतच्या पोटात दागेशचं टिंब घातलं (त्याने ‘व’चा ‘ब’ होतो) तर ‘बबायित’, त्या ठरावीक घरात. ज्यावरून भाषांतर झालं त्या मूळ मराठीत नुसतं ‘घरात’ असतं, कारण मराठीला हा भेद करावाच लागत नाही. मग लेखकाला फोन करायचा, आणि लेखक म्हणतो, ‘कुठलंही चालेल हो.’ कुठलंही चालत नाही.

शिवाय अक्षरं तयार असतात हाही गैरसमजच. रोजच्या बिनखुणांच्या लेखनात वाचकाच्या सोयीसाठी जादा वाव आणि योद घातलेले असतात. खुणा आल्या की त्यातले बरेच काढावे लागतात. ‘दिबेर’, म्हणजे बोलला, यातला योद जातो. दालेतखाली हिरिकचं एक टिंब, बेतमध्ये दागेश, बेतखाली त्सेरेची दोन आडवी टिंबं. ‘शुलखान’, म्हणजे टेबल, यातला वाव जातो आणि शीनखाली कुबुत्सची तीन तिरकी टिंबं येतात. ‘आणि’चा वाव एरवी ‘वे’, पण पुढे बेत, वाव, मेम, पे यांपैकी अक्षर किंवा श्वा असलेलं अक्षर आलं की ‘ऊ’. बोलताना इस्रायलमध्येही बहुतेक लोक सरसकट ‘वे’च म्हणतात. हे माझ्या बाजूचं नाही, ठाऊक आहे.

आता ज्या एका शब्दाने सगळ्यात जास्त छळलंय तो: येरुशलायिम, म्हणजे जेरुसलेम. तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, हे नाव सहाशेहून जास्त वेळा येतं, आणि जवळजवळ सगळीकडे शेवट नुसता लामेद-मेम. वाचायचं मात्र ‘लायिम’. त्यातला योद लिहिलेला सापडतो तो फक्त 5 ठिकाणी. व्यंजनांना हात लावायचा नाही हा मसोरावाल्यांचा, म्हणजे तनाखचा पाठ जपून त्याला खुणा देणाऱ्या जुन्या पंडितांचा, दंडक. म्हणून त्यांनी लामेदखाली पातखची आडवी रेघ दिली आणि तिच्या डावीकडे, लामेद आणि मेमच्या फटीत, न लिहिलेल्या योदचं हिरिक टांगून ठेवलं. एका अक्षराला दोन स्वर. मुंबईत 1846 साली बेने इस्रायलींसाठी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंसाठी, मराठी भाषांतरासह निघालेली हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी) शिळाछापाची होती. तिथे लिहिणाऱ्याचा हात जिथे टेकला तिथेच टिंब छापलं गेलं. मधे लुडबुड करायला कुणी नव्हतं.

आता युनिकोड आहे, म्हणजे संगणकावर प्रत्येक चिन्हाला ठरलेला कोड. प्रत्येक खुणेला वर्ग-क्रमांक आहे: हिरिक 14, पातख 17, दागेश 21, शीनचं टिंब 24. फाइल कुठल्याही टप्प्यावर नॉर्मलाइझ झाली, म्हणजे संगणकाने चिन्हांचा क्रम एकसारखा करून घेतला, की एका अक्षरावरच्या खुणा या क्रमांकांप्रमाणे चढत्या क्रमाने लागतात. इतर शब्दांना त्याचं सुखदुःख नसतं; दागेश आधी टाइप केला काय, नंतर केला काय, दिसतं तेच. आपल्या लामेदखाली मात्र पातख-हिरिकचं हिरिक-पातख होतं. फॉन्ट मग टिंब रेघेच्या उजवीकडे काढतो, नाहीतर दोन्ही एकावर एक चढवतो. स्क्रीनवर बारीक आकारात ते लक्षातही येत नाही. जे आजोबा जन्मभर हे नाव प्रार्थनेत वाचत आले, त्यांना छापील पानावर पहिल्या नजरेत दिसतं.

उपाय असा: दोन खुणांच्या मधे ‘कंबायनिंग ग्राफीम जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह घालायचं, कोड 034एफ. त्याचा वर्ग-क्रमांक 0, त्यामुळे त्याला ओलांडून खुणा सरकत नाहीत. मूळ क्रमांकच का सुधारत नाहीत? एकदा दिलेले क्रमांक बदलायचे नाहीत हे युनिकोडचं धोरण. बदलले तर जुन्या फायली जुळायच्या थांबतील. आणि पानं लावणारा फाइल ‘साफ’ करायला घेतो तेव्हा न दिसणारी चिन्हं कचरा समजून सगळ्यात आधी उडवतो. म्हणून पानं लागल्यावर, छपाईआधी, लामेद-हिरिक-पातख असा क्रम शोधायचा. एकही सापडता कामा नये.

यंत्र लावत नाही का? लावतं. डिक्टा या इस्रायली संस्थेचं ‘नकदान’ हे आपोआप खुणा लावणारं साधन फुकट आहे आणि चालू गद्याला ते चांगलं लावतं. कबूल करायला जड जातं, पण लावतं. मात्र लेखकाच्या मनात कुठलं घर होतं हे त्याला कुठून कळणार? ते बेधडक एक निवडतं.

अरबीत खुणा कमी, ताप वेगळा. फतहा, कसरा, दम्मा (अ, इ, उ), म्हणजे उर्दूवाल्यांचे जबर, जेर, पेश. शिवाय सुकून (स्वर नाही), शद्दा (जोडाक्षर), तनवीन (शेवटचा ‘न’). शब्दाच्या पोटातल्या खुणा कोशात सापडतात. नामाच्या शेवटच्या अक्षरावरची सापडत नाही, कारण ती कर्ता की कर्म यावर ठरते. आधी अख्खं वाक्य सोडवा, मग ती एक खूण द्या. शद्दा असेल तर बऱ्याच छापांत कसरा अक्षराखाली न जाता शद्द्याखाली, अक्षराच्या वरच बसतो, आणि नवखा वाचक त्याला फतहा समजतो.

दागेशबद्दल माझं जुनं मत असं, की आजच्या उच्चारात फरक पडतो तो बेत, काफ, पे या तिघांतच, बाकी ठिकाणी गाळा. ते चूक होतं असं अजूनही म्हणवत नाही. पण दागेश गाळला की शिकणाऱ्याची क्रियापदाचा गण ओळखायची खूण जाते, हेही खरं.

आणि एवढं करून ‘खोखमा’, म्हणजे शहाणपण, आणि ‘खाखेमा’, म्हणजे ती शहाणी झाली, या दोघींच्या खुणा हुबेहूब सारख्याच: कामाट्स, श्वा, कामाट्स. पहिला ‘ओ’ की ‘आ’ ते सांगायला युनिकोडने 2005 साली ‘ओ’ वाचायच्या आखूड कामाट्सला वेगळा कोड दिला. तो वापरावा, तर कित्येक फॉन्टांत ती खूणच नाही आणि तिथे रिकामा चौकोन येतो. न वापरावा, तर पुन्हा तुमचा फोन येतो.