गिझर गळतोय? आधी कुठून ते बघा

गिझर बिघडला की दुकानदार सांगतो नवा घ्या आणि सोसायटीतला इलेक्ट्रिशियन न उघडताच सांगतो कॉइल गेली. कोणाचंही ऐकण्याआधी एवढंच ठरवायचं: बिघाड टाकीत आहे की फ्लँजवरच्या सामानात? फ्लँज म्हणजे टाकीच्या तळाचं गोल झाकण. कॉइल, थर्मोस्टॅट, एनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी) हे बहुतेक स्टोरेज गिझरमध्ये त्यावरच बसवलेलं असतं. बोल्ट सोडले की ते बाहेर येतं आणि सुटं सुटं बदलता येतं. टाकीला भोक पडलं तर मात्र विषय संपला, गिझर चार वर्षांचा असो की चौदा. काच-अस्तराच्या टाकीला बाहेरून वेल्डिंग केलं तर तिथलंच अस्तर तडकतं आणि काही महिन्यांत पाणी शेजारून यायला लागतं. जुन्या तांब्याच्या टाकीला डाग देता येतो, पण तसे गिझर आता घरात फार उरलेले नाहीत.

गळती शोधताना घाई करू नये. एमसीबी पाडा (नुसतं बटण बंद करून भागत नाही), पाणी निवू द्या, तळाचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा, सगळं कोरडं पुसा आणि टिश्यू पेपर लावून बघा. कनेक्शन पाइपच्या नटाशी ओल असेल तर वॉशर किंवा पाइप बदला. फ्लँजच्या कडेने थेंब येत असतील तर गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी चकती, गेलंय. आणि दोन्ही कोरडं असून बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यातून तपकिरी पाणी उतरत असेल, तर टाकी फुटून आतला फोम भिजलाय. तिथे पैसे घालू नका.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या थेंबांनी बरेच जण उगाच घाबरतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण २०० मिलिलिटरने फुगतं. ते पेलाभर पाणी व्हॉल्व्हमधून बाहेर पडणारच, त्यासाठीच तो बसवलेला असतो. गिझर थंड असतानाही संततधार असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, तो झिजलाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे. ते भोक बूच मारून बंद करणारे प्लंबर आहेत. अशा माणसाला पुन्हा बोलावू नये. वाट बंद झाल्यावर दाब टाकीवर येतो आणि बरा असलेला गिझर फुटायच्या वाटेला लागतो.

पाणी तापतच नसेल तर आधी १६ अँपिअरचा प्लग काढून बघा. सॉकेट ढिलं असलं की पिन काळी पडते आणि वितळलेल्या प्लगचा दोष कॉइलवर जातो. प्लग ठीक असेल तर थर्मल कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) बघा, मग मल्टिमीटर घ्या. वायरी सोडवून कॉइलच्या दोन टर्मिनलमध्ये रोध मोजायचा: २००० वॉटला साधारण २६ ओहम, ३००० वॉटला साडेसतरा-अठरा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. टर्मिनल आणि बॉडी यांच्यात मात्र काहीही दाखवता कामा नये. तिथे आकडा आला तर कॉइलच्या नळीला चीर पडून आत पाणी शिरलंय. गिझर लावला की घरातला ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो तो बहुधा यामुळेच. काही महाभाग अशा वेळी ईएलसीबीच बायपास करून देतात. ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याच्या जिवाशी हा खेळ आहे.

कॉइल का गेली हे शोधलं नाही तर नवीही जाते. पहिलं कारण क्षार. वाशी-नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्यात भातसाचं. दोन्ही पावसाचं, बऱ्यापैकी मऊ. घोडबंदर रोडच्या ज्या टॉवरमध्ये उन्हाळ्यात टँकर आणि बोअर चालतात, तिथे त्याच गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. उष्णता पाण्यात न जाता कॉइलमध्येच अडकते आणि कॉइल जळते. थर्मोस्टॅट ५५-६० च्या वर नेला की थर आणखी वेगाने धरतो. कॉइल धड असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून दोन तास बुडवा, टर्मिनल कोरडी ठेवून. एनोड रॉड आधी काढून घ्या, अ‍ॅसिड मॅग्नेशियम खातं. संडास धुवायचं अ‍ॅसिड अजिबात नको, त्याने धातूलाच बारीक भोकं पडतात.

दुसरं कारण पाणीपुरवठ्याचा शटडाऊन. गच्चीवरची टाकी रिकामी झाली, इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) नाही आणि गरम पाण्याचा नळ कोणी उघडा ठेवला, की गिझरमधलं पाणी उलटं लाइनमध्ये उतरतं. तेव्हा गिझर चालू असेल तर कॉइल कोरडीच तापते. नवी कॉइल बसवताना हा व्हॉल्व्ह आहे ना, ते बघून घ्या.

फ्लँज उघडलीच आहे तर एनोड रॉड हातात घेऊन बघा. टाकीच्या पोलादाऐवजी तो झिजतो, म्हणून टाकी टिकते. निम्म्याहून जास्त गेला असेल किंवा आतली तार दिसत असेल तर बदला. धरणाच्या पाण्यावर दोन वर्षांनी, बोअरवर दर वर्षी बघावा. गॅस्केट प्रत्येक वेळी नवंच, जुनं उलटून लावलेलं महिनाभरात गळतं. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे. आणि टाकी भरून नळातून सलग पाणी आल्याशिवाय एमसीबी वर करायचा नाही.

टाकी शाबूत आणि एकच भाग गेलेला, तर दुरुस्तीच करावी. कॉइल, थर्मोस्टॅट, रॉड सगळं एकदम गेलं असेल, वॉरंटी संपली असेल आणि मजुरीसकट खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल, तर मी नव्याच्या बाजूने. वॉरंटी कार्ड मात्र उघडण्याआधी बघा. टाकीची वॉरंटी कॉइलपेक्षा बरीच लांब असते, आणि बाहेरच्या माणसाने उघडलं की कंपनी हात वर करू शकते. नुसत्या जास्त स्टारसाठी चांगला गिझर काढू नका. स्टार सांगतात ते तापलेलं पाणी नुसतं ठेवल्यावर वाया जाणाऱ्या उष्णतेबद्दल. १५ लिटर ३५ अंशांनी तापवायला कुठल्याही गिझरला ०.६ युनिट लागणारच. २००० वॉटला अठरा-वीस मिनिटं. अंघोळीपुरता लावून बंद करणाऱ्या घरात स्टारमुळे वाचणारी वीज किरकोळ असते.

नवा घेताना टॉवरमध्ये ८ बारचा दाब सोसणाराच घ्या. गंमत म्हणजे ही काळजी वरच्यांपेक्षा खालच्या मजल्यांना जास्त. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. पंचविसाव्या मजल्यावरच्या टाकीचा दाब खाली प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह नसेल तर सात बारच्या पुढे जातो. आणि भिंत कसली आहे ते प्लंबरला आधी सांगा. भरलेला २५ लिटरचा गिझर सहज पस्तीस किलोच्या वर जातो. नव्या इमारतींतल्या हलक्या सिपोरेक्स ब्लॉकमध्ये साधे फास्टनर हळूहळू सैल होतात. तिथे आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर लागतो.