तुम्ही विचारलंत म्हणून: बैठका वेगळ्या, उठाबशा वेगळ्या

शिक्षक विचारतात, पालक विचारतात, कधी मुख्याध्यापकही विचारतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा एकाच वळणाने येतो. "छडी तर केव्हाच गेली. आता पोरांनी दंगा केला, गृहपाठ आणला नाही, उशिरा आली, तर मैदानाला दोन फेऱ्या किंवा वीस-पंचवीस उठाबशा काढायला लावल्या तर काय बिघडलं? मारही नाही आणि तेवढाच व्यायामही होतो."

माझं उत्तर 'लावू नका' असंच आहे. दहासुद्धा नकोत. 'मुलं नाजूक झालीत' म्हणून मी हे म्हणत नाही. मुलांनी रोज भरपूर घाम गाळावा असं वाटतं, म्हणूनच म्हणतो.

तालमीत पोरगं काढतं त्या बैठका. वर्गाबाहेर कान धरून काढतं त्या उठाबशा. गुडघा तोच वाकतो, भार त्याच मांडीवर येतो, तरी आपल्या भाषेने दोन शब्द वेगळे ठेवले आहेत आणि ते उगाच नाही. वस्ताद बैठका वाढवतो ते पोराच्या अंगात किती मुरल्यात ते बघून. आकडा वाढला की पोरगं घरी येऊन कौतुकाने सांगतं. उठाबशांचा आकडा ठरतो तो समोरच्या मोठ्या माणसाला किती राग आलाय त्यावर. मुलाच्या मांडीत किती ताकद आहे, सकाळी पोटात काही गेलंय का, अंगात कणकण आहे का, यातलं काहीच त्या आकड्यात मोजलेलं नसतं.

आणि ही शिक्षा सगळ्यांना सारखी लागत नाही. कबड्डी खेळणाऱ्या आठवीतल्या मुलाला पन्नास उठाबशा म्हणजे वॉर्मअप. तो हसत काढतो आणि मित्रांत भाव खाऊन जातो. त्याच्याच शेजारी, त्याच चुकीसाठी उभं असलेलं वजनदार मूल दहाव्याला धापा टाकतं, बाराव्याला तोल जातो, वर्ग हसतो. चूक एक, आकडा एक, पण एकाची करमणूक झाली आणि दुसऱ्याची अब्रू गेली. पाळी सुरू असलेली मुलगी पोरांसमोर "मला आज जमणार नाही" असं कधीच म्हणणार नाही. ती गप्प राहून काढेल.

आता शरीराचं बोलू, कारण 'उठाबशांनी काय होतंय' हे वाक्य फार सहज निघतं. सवय नसलेलं मूल न थांबता शंभर उठाबशा काढतं तेव्हा तीन सेकंदाला एक धरली तरी पाच मिनिटं सलग काम होतं. पहिल्या पंधरा-वीस नीट जातात. नंतर मांडी थकते. टाचा उचलल्या जातात, गुडघे आत वळतात, पाठ पुढे झुकते. हात कानाला असल्यामुळे तोल सावरायला हातांची मदत नाही. दप्तर पाठीवर असेल तर आणखी वाईट. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं, आणि तेही चालत शाळेत येण्यासाठी. ते पाठीवर घेऊन उठाबशा काढायचा विचार त्यात कुठेच नाही.

सगळ्यात जास्त इजा होते ती खाली बसताना. त्या वेळी मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरत असतो. सवय असेल तर याच क्रियेने ताकद वाढते. सवय नसताना एकदम शेकड्यात केली तर स्नायूंचे तंतू तुटतात. बहुतेक वेळा दोन-तीन दिवस पाय दुखतात, जिना उतरवत नाही, आणि भागतं. पण कधी कधी स्नायू इतके फुटतात की त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर भार येतो. वैद्यकात याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. हे त्याच क्षणी कळत नाही, एक ते तीन दिवसांत कळतं. मांड्या सुजतात, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. लघवीचा असा रंग दिसला तर उद्यापर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि 'इतक्या उठाबशा काढल्या होत्या' हे डॉक्टरांना आकड्यासकट सांगायचं. घरातल्या दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाला आणखी त्रास देऊ शकतात. शाळेत शिक्षा झाल्याचं मूल घरी बरेचदा लपवतं, म्हणून पाय दुखतायत म्हटल्यावर 'खेळताना लागलं असेल' असं समजून सोडून देऊ नका.

दहा ते पंधरा वयात आणखी एक भानगड असते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाची वाढ चालू असते आणि मांडीचा जाड स्नायू तिथेच ओढत असतो. झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलांना तिथे टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं. अशा मुलाला खोल बैठक म्हणजे दर वेळी दुखऱ्या जागेवर ओढ. बाहेरून बघणाऱ्याला फक्त 'हा नाटक करतोय' असं दिसतं.

मैदानाच्या फेऱ्या त्यामानाने सोप्या वाटतात. पण मार्च-एप्रिलमधलं विदर्भातलं किंवा मराठवाड्यातलं मैदान डोळ्यांपुढे आणा. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला त्रास होतो. सकाळच्या शाळेत कित्येक मुलं चहा-बिस्किटावर आलेली असतात. दम्याच्या मुलाला धुळीत पळवलं की दहा मिनिटांत छाती वाजायला लागते आणि त्याचा पंप दप्तरात, वर्गात राहिलेला असतो. रक्त कमी असलेल्या मुलींचं प्रमाण किशोरवयात निम्म्याहून जास्त आहे, हे सरकारच्याच पाहणीत आलंय. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारकडच्या शाळांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं असतात. उन्हात, तहानलेल्या अंगाने, दम लागेपर्यंत पळणं हेच त्यांच्या दुखण्याचा झटका यायचं कारण ठरू शकतं. शारीरिक शिक्षणाच्या तासाला शिक्षक हे सगळं जाणून, पाणी पाजून, सावली बघून पळवतो. शिक्षा देणाऱ्याकडे त्या वेळी ना अशा मुलांची यादी असते, ना धीर.

कायदा सगळ्यांना ऐकून माहीत असतो, वाचलेला कमी जणांनी असतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायचा नाही, आणि केला तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. 'शारीरिक शिक्षा म्हणजे मारणं' हा गैरसमज आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं, कोंबडा करणं, गुडघ्यांवर बसवणं, डोक्यावर दप्तर देऊन उभं ठेवणं हे सगळं शारीरिक शिक्षेतच मोजलंय. मुलाला हात न लावताही ती होते. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे म्हणून नववी-दहावीला मोकळीक आहे असंही नाही. मुलांशी क्रूरपणे वागण्याबद्दलचं, बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू होतं. "सर, तुम्ही काहीही करा, आमची परवानगी आहे" असं पालकांनी लिहून दिलं तरी यात काडीचा फरक पडत नाही.

दोन मुद्दे नेहमी पुढे येतात. पहिला: उठाबशा म्हणजे 'सुपर ब्रेन योगा', कान धरल्याने बुद्धी वाढते. तमिळनाडूत गणपतीपुढे हातांची फुली करून कान धरून बैठका घालतात, ती भक्तीची रीत आहे आणि तिथे ती लहानथोर सगळे आपण होऊन करतात. तसं वाटत असेल तर परिपाठाला सगळ्या शाळेने, शिक्षकांसकट, दहा बैठका घालाव्यात. माझी हरकत नाही. पण फक्त चुकलेल्यानेच करायची गोष्ट बुद्धीसाठी आहे, यावर पाचवीतलं पोरही विश्वास ठेवत नाही.

दुसरा: सैन्यात रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, असतो, तिथे कोणी तक्रार करत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांपुढचा, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी पार करून स्वतःच्या इच्छेने गेलेला असतो. तुमच्या सहावी 'ब'मधल्या मुलांची अशी तपासणी कोणी केली आहे का?

माझा खरा राग मात्र वेगळ्याच नुकसानीवर आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वयाच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. ती सवय लागायला मुलाला पळणं आवडायला हवं. धावणं म्हणजे अपमान, असं आपण सहावीतच शिकवून ठेवलं तर पुढे कोणता डॉक्टर त्याला सकाळी फिरायला बाहेर काढणार? याचीच दुसरी बाजू म्हणजे "दंगा केलात, आज पीटी बंद, गणिताची वही काढा." तेही तितकंच वाईट. ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच जास्त दंगा करतं आणि त्याचाच खेळाचा तास जातो.

मग करायचं काय? आधी दंगा कधी होतो ते पाहा. आठवडाभर वहीत फक्त वेळ टिपा. मधल्या सुट्टीनंतरचा तास, शेवटचा तास, दोन जड विषय लागोपाठ, हेच बहुतेकदा निघतं. तिथे दंगा व्हायच्या आधीच तीन-चार मिनिटं हालचाल द्या: सगळ्या वर्गाला, बाकाशेजारी उभं करून, शिक्षकानेही सोबत. जागेवर संचलन तीस सेकंद, हात वर ताणणं आठ वेळा, अर्ध्या बैठका दहा, शेवटी तीन सावकाश श्वास. दंगा झाल्यावर लगेच हे करू नका, नाहीतर मुलं त्यालाही शिक्षाच समजतील.

चुकीला मात्र चुकीशीच जोडलेलं काम हवं. कागद फेकले, तर स्वतः फेकलेले उचलायचे. गृहपाठ नाही, तर मधल्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं बसून त्यातलं एक उदाहरण करायचं, डबा खाऊन झाल्यावर. उशीर झाला, तर गुपचूप वर्गात येऊन बसायचं. दारात उभं करून त्याचा आणखी तास बुडवण्यात काय हशील? आठवड्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की घरी विचारायचं. कित्येकदा कारण एसटीची वेळ असते किंवा धाकट्या भावंडाला अंगणवाडीत सोडायचं असतं, आणि त्यात मुलाच्या हातात काहीच नसतं. मारामारी झाली तर दोघांना वेगळं करून पाणी द्यायचं, दहा मिनिटं जाऊ द्यायची, मग एकेकाला एकट्याला ऐकायचं. दोघांना एकत्र विचारलं तर जो जोरात बोलतो त्याचंच खरं ठरतं.

यात वेळ जातो हे खरं. उठाबशा सांगितल्या की वर्ग क्षणात शांत होतो आणि त्या शांततेचाच शिक्षकाला मोह पडतो. पण शिक्षा झालेल्यांची नावं महिनाभर लिहून ठेवा. तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा आली, तर त्या शिक्षेने काय सुधारलं हे त्या वहीतच दिसेल.

कबड्डीच्या मार्गदर्शकांचा प्रश्न थोडा वेगळा आहे: "कोपऱ्यातला बचावपटू पकडीला लवकर सुटला, चढाई करणारा निसटला, मग संघाला पाच फेऱ्या मारायला लावायच्या नाहीत का?" फेऱ्या मारून पकड सुधारत नाही. चढाईवाल्याला हळू आत बोलवा, पाय बोनस रेषेकडे जाईपर्यंत कोपऱ्यातल्याने जागा सोडायची नाही, मग घोट्याला हात आणि लगेच हात धरून उभ्या शेजाऱ्यांच्या साखळीची साथ. हे आठ वेळा हळू, मग आठ वेळा वेगात, मध्ये एक मिनिट दम खायला. घाम तेवढाच निघेल. बैठकाही वाढवायच्या असतील तर सुरुवातीला आठ-आठच्या दोन पाळ्या, एक दिवसाआड, दर आठवड्याला प्रत्येक पाळीत दोनच वाढवा, आणि ज्याची टाच उचलली त्याची मोजणी त्या दिवसापुरती तिथेच थांबवा.